चिंचेनं घासलेला राजा

आमच्या घरी चिंचेचं नाव निघालं की हे जेवणाच्या पाटावरून उठायचे. लोकांच्या नवऱ्यांना कशाकशाचा राग येतो, माझ्या नवऱ्याला चिंचेचा. आणि कारण कोणाला सांगायची सोय नाही, कारण सांगितलं की ऐकणारी बाई माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायची. कारण असं, की चिंच राजांची नाकं खाते.

हे म्हणजे वामनराव. नागपुरात अजबबंगल्यात, म्हणजे सरकारी म्युझियममध्ये, नोकरीला होते, आता रिटायर होऊन घरी माझ्या डोक्यावर आहेत. काम काय, तर लोकांना शेतात, नदीच्या पात्रात, घराचा पाया खोदताना जुनी नाणी सापडतात, ती बघायची, ओळखायची आणि नोंदवून ठेवायची. सोन्याचांदीचं काही निघालं की कलेक्टर, पोलीस, मोठे साहेब सगळे धावायचे. तांब्याच्या काळ्या चकत्यांना कोण विचारतो? त्या ह्यांच्या वाट्याला आल्या. आणि ह्यांनी त्या अशा काही जिवाला लावून घेतल्या, की मला वाटायचं, बाप्पा, आपण तांब्याच्या असतो तर बरं झालं असतं.

त्यातही जीव होता तो रोमच्या पैशांवर. सोळाशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे रोम म्हणून मोठं राज्य होतं, तिथले तांब्याचे बारके पैसे व्यापाऱ्यांच्या हातून फिरत फिरत कधी आपल्या मुलखात आले, असं हे सांगत. बारके म्हणजे किती, तर चिंचोक्याएवढे. एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला कुठे शिपाई, कुठे देवी, आणि कडेनं इंग्रजीसारखी अक्षरं. आपल्याकडे ते फार थोडे निघतात. म्हणून एखादा हाती लागला की ह्यांना दोन-तीन दिवस माझ्या हातचं काहीही गोड लागायचं, अगदी मीठ विसरलेली भाजीसुद्धा.

फार हुशार होते म्हणून सांगत नाही. चुकायचेही. एकदा कोणीतरी आणून दिलेली चकती भिंगाखाली धरून "राजाच्या डोक्यावर मुकुट आहे, पण असा मुकुट मी पाहिला नाही" असं दोन दिवस घोकत बसले. तिसऱ्या दिवशी मी चहा द्यायला गेले तर काय, रेल्वेच्या कोटाचं बटण. मागे दोरा ओवायची कडी होती, ती ह्यांनी 'राणीनं गळ्यात घालायला लावून घेतली' असं ठरवून टाकलं होतं. मी हसले म्हणून संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

लोकांना मात्र एक भीती असायची. सापडलं म्हणून दाखवावं, तर सरकार घेऊन जाईल आणि वर चौकीवर बसवून ठेवेल. म्हणून लोक दाखवतच नसत. सरळ नागपूरच्या इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानी नेऊन मोडीत घालत, आणि सोळाशे वर्षांच्या राजांचा लोटा व्हायचा. ह्यांनी त्यावर उपाय काढला. बाजाराच्या दिवशी मौद्याला जायचं, सतरंजी टाकून बसायचं आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचं, 'जुना पैसा दाखवा आणि परत न्या.' आणि खरंच परत देत. नाणं बघत, ठसा घेत, सापडलं कुठे आणि सापडलं कोणाला ते विचारून लिहून घेत, आणि मालकाच्या हातावर पुन्हा ठेवत. कोणाचा एक पैसा घरी आणला नाही. पगारही पुरता आणला असं मला वाटत नाही.

ठसा कशात घ्यायचे? माझ्या कणकेत. मीठ घालून घट्ट भिजवलेला गोळा, ओल्या फडक्यात बांधून, तोही सकाळी सहाच्या गाडीआधी मी मळून द्यायचा. त्यात दोन्ही बाजू दाबायच्या, सावलीत वाळवायच्या आणि फळीवर मांडून ठेवायच्या. एका पावसाळ्यात उंदरांनी अख्खी फळी साफ केली. हे कपाळाला हात लावून म्हणाले, "सुभद्रा, चार राजे गेले." मी म्हटलं, उंदरांनी जेवण तरी शाही केलं.

चिंचेचं सांगायचं राहिलंच. आपल्याकडची माणसं भारी सभ्य. साहेबाला दाखवायचं, तर मळकं कसं दाखवावं? म्हणून रात्रभर चिंचेच्या कोळात भिजवायचं, सकाळी राखेनं घासायचं आणि आरशासारखं चकाचक करून आणायचं. शेकडो वर्षांत धरलेली हिरवी-काळी खपली निघून जायची, तिच्यासोबत अक्षरं जायची, राजाचं नाक जायचं. आणि घासणारा इतक्या कौतुकानं पुढे करायचा, की ह्यांना रागावताही येत नसे. मग तो राग माझ्या आमटीवर निघायचा.

मी सोबत काहून जायची, तर बायका पुरुषासमोर पदराची गाठ सोडत नाहीत. आणि जुना पैसा राहतो तो नेमका पदराच्या गाठीत. मी सतरंजीच्या कडेला बसायची, ती गाठ माझ्यासमोर सुटायची. म्हणून प्रयागबाई नावाची म्हातारीही ह्यांच्याकडे न जाता माझ्याकडे आली.

हे सत्तर-एकाहत्तर सालचं. म्हातारी काटक, कपाळावर भलं मोठं गोंदण. बाजू बाजूनं आली, माझ्याजवळ टेकली आणि हळूच म्हणाली, "तो पैसेवाला मास्तर तुहाच मानूस आहे काय वं?"

म्हटलं, माझाच आहे, दुसरं कोण घेईल.

"मंग आईक," म्हणाली, आणि सगळं सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी ती भिंती सारवायला गावाबाहेरच्या पांढरीची माती आणायला गेली होती. पांढरी म्हणजे जुन्या, उठून गेलेल्या वस्तीचा उंचवटा, तिथली माती सारवायला चांगली. खणता खणता एक गाडगं फुटलं, त्यात ही चिल्लर. नवऱ्यानं ती इतवारीत नेली आणि तिच्या बदल्यात तांब्याचा गुंड, पाणी भरायचा हंडा, आणला. एक पैसा तेवढा मातीच्या ढेकळात अडकून घरी आला. "अन् त्याच दिवशी आमच्या कोरड्या विहिरीले पानी लागलं. मी समजून गेली. देव्हाऱ्यात ठेवला. तवापासून तो आमचा देव."

आता तिची पोरं वेगळी होत होती. थोरला बळीराम, धाकटा चंपत. घराच्या मधोमध भिंत पडणार होती. भांडी वाटली जातील, बैल वाटले जातील, पण देव एकच. दोघांनाही पाहिजे, आणि दोघांचाही आवाज गावाच्या वेशीपर्यंत जाणारा.

"भांडू दे ना," म्हातारी म्हणाली. "भांडतेत तेच बरं आहे. देवाचं सारं मीच करतो. ज्याच्या घरी देव जाईन, त्याच्या घरी मी जाईन. पन आता चंपतचा साळा नागपुरात कालेजात शिकून रायला. तो सांगून गेला का हा देव नाही, जुना पैसा आहे. तवापासून दोघंही म्हनून रायले, मास्तरले दाखवू. मास्तर म्हनीन तसं." मग माझा हात धरून म्हणाली, "पैसा निघाला तर मले कोन नेईन वं, पोरी? तुह्या मानसाले सांग. देव आहे म्हना, एवढंच सांगजा."

तिचा हात खरखरीत होता. मी म्हटलं, सांगते. शब्द देऊन मोकळी झाले.

परतीच्या गाडीत कन्हानच्या पुलावर मी ह्यांच्याजवळ विषय काढला. हे म्हणाले, "मी तो पैसा अजून पाहिलासुद्धा नाही."

"पाहायचं काय त्यात? देव आहे म्हणायचं."

"आणि पैसा असला तर?"

"तरी देव म्हणायचं. तुमच्या खिशातून काही जातं काय?"

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ही माणसं मला पैसे काहून दाखवतात? मी ठेवून घेत नाही म्हणून, आणि आहे ते सांगतो म्हणून. त्या पोरांनीही त्याच भरवशावर मला बोलावलंय. एका ठिकाणी खोटं बोललो तर मग सतरंजी गुंडाळून घरीच बसलेलं बरं."

माझं डोकं फिरलं. एका म्हातारीचा दोन वेळचा घास एका पारड्यात आणि ह्यांची सतरंजी दुसऱ्या पारड्यात, आणि ह्यांना सतरंजी जड वाटते. मी तेवढंच बोलून गप्प बसले, आणि माझं गप्प बसणं काय असतं ते ह्यांना माहीत होतं. त्या दिवशी रात्री मी चिंचेचं सार केलं. दुसऱ्या दिवशी चिंचगुळाची आमटी. तिसऱ्या दिवशी चिंचेची चटणी. वाटण्यांचा दिवस उजाडेपर्यंत आमच्या घरात चिंचेशिवाय घास नव्हता. आणि हे पाटावरून उठले नाहीत. मुकाट्यानं जेवत राहिले, वर सार मागून घेतलं. तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं की ह्यांच्या मनात काही चाललंय, पण मी रागात होते.

वाटण्यांच्या दिवशी आम्ही त्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा सामानाच्या दोन रांगा लागल्या होत्या. इकडे परात तर तिकडे घंगाळ, इकडे जातं तर तिकडे पाटा-वरवंटा. गावातले दोन-चार जाणते बाजेवर बसून निवाडा देत होते. एक झाकण उरलं होतं, त्याचं भांडंच घरात नव्हतं, आणि त्यावरून दोघं भाऊ हमरीतुमरीवर आले होते. तो इतवारीचा गुंडही होता, थोरल्याच्या रांगेत. ह्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, की जसं काही त्यात घरचंच कोणी बुडालं आहे.

प्रयागबाईनं हळदीनं भरलेल्या वाटीतून देव आणून ह्यांच्या हातावर ठेवला. माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

दर पुनवेला चिंच आणि राख. इतकी वर्षं. तो पैसा सोन्यासारखा लखलखत होता आणि त्यावर राजाचा नुसता गाल उरला होता. ह्यांनी क्षणभर डोळे मिटले. मला वाटलं, आता बोलतात काहीतरी. पण एवढंच म्हणाले, "फार जपलंत हो तुम्ही ह्याला." मी चिडलेली होते, तरी त्या वाक्यासाठी मला हे आवडले.

मग पिशवीतून कणकेचा गोळा निघाला. म्हातारी मध्ये पडली. "देवाले पिठात घालता काय?"

"धक्का लागू देत नाही," हे म्हणाले, आणि अगदी हलक्या हातानं दाबलं.

चकाकीमुळे पैशावर जे दिसत नव्हतं ते कणकेत उमटलं. हे ठसा तिरप्या उन्हात धरून कितीतरी वेळ फिरवत बसले. झाकणाचं भांडणसुद्धा थांबलं होतं. शेवटी हे म्हणाले, "दोन माणसं उभी आहेत. शिपाई आहेत, हातात भाले. दोघांच्या मध्ये एक निशाण."

"म्हणजे राम-लक्षुमन," प्रयागबाई घाईघाईनं म्हणाली.

बळीरामनं सरळ विचारलं. "मास्तर, घोळ नका घालू. देव आहे का पैसा?"

ह्यांनी तो पैसा हळदीच्या वाटीत परत ठेवला. म्हातारीकडे बघून बोलले, भावांकडे नाही. "पैसा आहे, बाई. रोमच्या राजाचा. सोळाशे वर्षं जुना आहे, फार लांबून आला आहे, आणि असा इकडे क्वचित निघतो. पण पैसा आहे."

माझ्या मनात त्या वेळी ह्यांच्याबद्दल जे आलं ते लिहिण्यासारखं नाही.

"विकला तर?" चंपतनं विचारलं.

"घासून गेलाय. काही येणार नाही."

आणि मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. इतके दिवस ज्यासाठी एकमेकांच्या नरड्याला हात घालत होते, त्याच्यासाठी दोघंही एकदम मोठ्या मनाचे झाले. बळीराम म्हणाला, "राहू दे बा चंपत, तूच ठेव." चंपत म्हणाला, "मले काय करायचं आहे गा, दादा? तू थोरला आहेस, तुहाच मान." आग्रह करकरून वाटी इकडून तिकडे सरकत होती.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "देवाचं ठरवाल तुम्ही सावकाश. मायचं काय ठरलं?"

दोघंही जाणत्यांकडे बघायला लागले. जाणते सुपारी कातरायला लागले. बळीराम म्हणाला, "मायचं काय, बाई... राहीन ना. पाहू. सहा मयने इकडे, सहा मयने तिकडे."

चंपत म्हणाला, "पहिले सहा मयने दादाकडे."

बळीराम म्हणाला, "माह्या घरी आता जागा कोठी आहे?"

प्रयागबाई हळदीचे हात पदराला पुसत उभी राहिली. तेव्हा माझं लक्ष गेलं. तुळशीजवळ एक वाकळ, एक लुगडं आणि एक पितळेचा तांब्या असं गाठोडं ठेवलेलं होतं. ते कोणाच्याच रांगेत नव्हतं. सकाळपासून झाकणापर्यंत सगळं वाटून झालं, पण त्या गाठोड्याला कोणी हातही लावला नव्हता. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर हे मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहायचं नाटक करत होते, आणि हातातली पेन्सिल चालत नव्हती.

इतक्यात आतून चंपतची बायको आली, सिंधू. पदर खोचलेला, हात पिठानं भरलेले. ह्या सासू-सुनेचं भांडण म्हणजे गावाची करमणूक, असं मला बाजारातच कळलं होतं. ती थेट तुळशीजवळ गेली, गाठोडं उचललं आणि आपल्या रांगेत परातीवर आणून ठेवलं.

"हे आपल्या वाट्याचं," ती नवऱ्याला म्हणाली. "पैसा थोरल्या घरी द्या नाहीतर पांढरीवर नेऊन टाका. आत्याबाई आपल्या घरी राहतीन."

प्रयागबाईला खरं वाटेना. म्हणाली, "तू काहून वं? तुहं माहं तर दोन घडी पटत नाही."

"नाही पटत," सिंधू म्हणाली. "मंग भांडाले मी कोनाकडे जाऊ?" आणि तशीच आत निघून गेली, कारण तव्यावर भाकर होती.

म्हातारी मटकन खाली बसली आणि सगळ्यांसमोर रडली. बळीरामनं मान फिरवली. त्याला लाज वाटली असावी, नसेल वाटली तर वाटायला पाहिजे होती. हे उठले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि विचारून विचारून नोंद पुरी केली. कुठे सापडला, पांढरीवर. कोणाला सापडला, प्रयागबाईला. सध्या कोणाजवळ आहे, तर म्हातारीनं वाटी उचलून छातीशी धरली आणि म्हणाली, "माह्याजवळ. पैसा असो का देव, माह्याशी तो नीट वागला." हे म्हणाले, बरोबर आहे, आणि तसं लिहिलं.

परतीच्या गाडीत मला ह्यांच्याशी भांडायचंच होतं. सगळं ठीक झालं म्हणून काय झालं? ते ह्यांच्यामुळे झालं नव्हतं, त्या पोरीमुळे झालं होतं. मी म्हटलं, "नशीब बलवत्तर तुमचं. खरं बोलून हात झटकले. ती सून बाहेर आली नसती तर काय केलं असतं त्या म्हातारीनं?"

"तर आपल्याकडे आणायचं," हे म्हणाले.

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलतात. मी म्हटलं, आणायचं म्हणे. बोलायला काय लागतं?

ह्यांनी शर्टाच्या वरच्या खिशातून घडी केलेली नोट काढून दाखवली. "म्हातारीच्या तिकिटाचे वेगळे ठेवले होते. आणि मागच्या खोलीतली माझी कपाटं काल तू बाजारात गेलीस तेव्हा व्हरांड्यात काढून ठेवली. झोपायला एकीपुरती जागा झाली आहे." मग जरा थांबून म्हणाले, "तुला विचारायचं होतं. पण तू बोलतच नव्हतीस."

मी खिडकीकडे तोंड केलं आणि रडायला लागले, थांबवता येईना. कंडक्टर तिकिटं फाडत आला, म्हणाला, बाईले बरं नाही काय? हे म्हणाले, "बरी आहे. आठ दिवस माझ्यावर चिडून होती, ते आता उतरून राहिलं."